साठीशांतीचा लघुपट, फोनचा कॅमेरा आणि व्हिंटरबर्ग: खरेपणा येतो कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या साठीशांतीच्या दिवशी घरातली एक दडपलेली गोष्ट बाहेर येते, अशा कथेवर वीस-पंचवीस मिनिटांचा लघुपट करायचा आहे. हाताशी एक फोन, चुलत्यांचं जुनं घर, दहा-बारा हौशी कलाकार आणि दोन दिवस आहेत. डॅनिश दिग्दर्शक थॉमस व्हिंटरबर्ग यांचा 'फेस्टेन' पाहून तुम्ही भारावलात, तोही छोट्या कॅमकॉर्डरवर झाला हे वाचलंत, आणि आता विचारताय की 'डॉग्मे' या डॅनिश चित्रपट-चळवळीचे दहा नियम काटेकोर पाळले तर तसा खरेपणा येईल का. शिवाय त्यांचे बाकीचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत, हेही विचारलंय.

नियम पाळल्याने चित्र खडबडीत होईल, खरं होईलच असं नाही. 'फेस्टेन'मध्ये कॅमेरा हलतो हे आपल्याला आधी दिसतं, म्हणून सगळं श्रेय त्यालाच दिलं जातं. पण त्या चित्रपटाचा कणा आहे वडिलांच्या साठाव्या वाढदिवसाच्या जेवणाचा क्रम. तुमच्या कथेत तो क्रम आयता आहे, म्हणून मला तुमची कल्पना मनापासून आवडली. कलाकार किती तयार आहेत, घर कुठे आहे, पाऊस आहे की मे महिना, यावर पुढचं बरंच अवलंबून राहील. तरी विचार कसा करायचा ते सांगता येतं.

आधी डॉग्मेबद्दल, कारण तिथे गैरसमज फार आहेत. मार्च 1995 मध्ये पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहात सिनेमाच्या शताब्दीनिमित्त परिषद होती. तिथे डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायर यांनी लाल पत्रकं उधळून हा जाहीरनामा मांडला. त्यावर सह्या त्यांच्या आणि व्हिंटरबर्ग यांच्या. नियम दहा: चित्रण प्रत्यक्ष जागीच, तिथे नसलेल्या वस्तू बाहेरून आणायच्या नाहीत, आवाज आणि चित्र एकमेकांपासून वेगळे तयार करायचे नाहीत, कॅमेरा हातात, चित्रपट रंगीत, वेगळी प्रकाशयोजना नाही, फिल्टर आणि ऑप्टिकल करामती नाहीत, खून-शस्त्रं यांसारखा वरवरचा थरार नाही, काळ आजचा, जागा इथलीच, ठरावीक साच्याचे चित्रपट नकोत, अंतिम स्वरूप 35 मिमी फिल्मवर, जुन्या 'अकॅडमी' चौकटीत, आणि दिग्दर्शकाचं नाव श्रेयनामावलीत नाही. 'फेस्टेन' हा या यादीतला पहिला चित्रपट. 1998 मध्ये त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं.

हे नियम वाचताना प्रत्येक नियम नटाला काय देतो हा प्रश्न विचारा. दिवे लावायचे नाहीत म्हणजे नटाने अमुक खुणेवरच उभं राहायचं बंधन गेलं. मोठा कॅमेरा नाही म्हणजे समोर माणसांची फळी उभी राहिली नाही. सोनीचा पीसी-7 हा मिनी-डीव्ही कॅमकॉर्डर तळहातावर मावतो आणि त्याच्या टेपवर सलग साठ मिनिटं चित्रण होतं. 35 मिमी फिल्मचा हजार फुटांचा रोल जेमतेम अकरा मिनिटं चालतो. जेवणाचा अख्खा प्रसंग न थांबता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येणं, ही त्या स्वस्त कॅमेऱ्याची खरी देणगी. बदल्यात चित्राची स्पष्टता गेली. 720 गुणिले 576 बिंदूंचं चित्र 35 मिमीवर वाढवलं की फुटतंच. संध्याकाळ होत जाते तसतसे पडद्यावर रवे वाढत जातात आणि घरातला अंधार चित्रातही उतरतो. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी ही उणीव झाकली नाही, कथेच्या उतारावर ती नेमकी बसवली. (याच डॉड मँटल यांनी पुढे धारावीत 'स्लमडॉग मिलेनियर'चा मोठा भाग छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर टिपला. गर्दीत कॅमेरा जितका लहान, तितकी माणसं त्याच्याकडे कमी बघतात, हे तत्त्व तिथेही तेच.)

आणि नियम मोडलेही गेले. एका प्रसंगासाठी खिडकी झाकल्याची कबुली व्हिंटरबर्ग यांनी स्वतः दिली आहे. म्हणजे बाहेरून वस्तू आणली आणि प्रकाशही बदलला. तुम्हाला खिडकीवर चादर लावावी लागली तर अपराधी वाटून घेऊ नका.

आता कण्याकडे येऊ. पटकथेत व्हिंटरबर्ग यांच्याबरोबर मोगेन्स रुकोव होते, डेन्मार्कच्या चित्रपट विद्यालयात पटकथालेखन शिकवणारे. रुकोव 'नैसर्गिक कथा' असा शब्द वापरत. बारसं, लग्न, वाढदिवस, अंत्यविधी अशा प्रसंगांचा क्रम प्रेक्षकाला आधीच पाठ असतो. आता सूप येणार, मग भाषण, मग नाच, हे सांगावं लागत नाही. त्यामुळे लेखकाची सगळी शक्ती त्या क्रमाला जिथे तडा जातो तिथे लावता येते. आणि तडा गेल्यावरही क्रम पुढे चालूच राहतो, ही खरी भीषण गोष्ट.

हिरव्या-पिवळ्या कागदांचा प्रसंग पुन्हा पाहा, या वेळी आवाज बंद करून. थोरला मुलगा क्रिस्तियन पेल्यावर टकटक करून उभा राहतो. डॅनिश जेवणात पेला वाजला की सगळ्यांनी गप्प बसायचं, बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. म्हणजे बोलायला लागणारं संरक्षण त्याला रिवाजानेच दिलंय. तो वडिलांना दोन भाषणांतून एक निवडायला सांगतो, हिरवं की पिवळं. वडील हिरवं निवडतात. सुरुवातीला तो लहानपणीच्या खोड्या सांगतो, लोक हसतात. मग त्याच हलक्या सुरात, आवाज एक पट्टीही न चढवता, वडील आंघोळीला जाण्यापूर्वी त्याला आणि त्याच्या जुळ्या बहिणीला खोलीत नेऊन काय करत ते सांगतो. बहीण आता हयात नाही. भाषण संपतं, तो बसतो.

आणि काही होत नाही. कोणी किंचाळत नाही, ताट भिरकावत नाही. टेबलाभोवती बावरलेले चेहरे, एखाद-दुसरी अर्धवट टाळी, आणि आजोबा आपला किस्सा सांगायला उभे राहतात. जेवण पुढे सरकतं. क्रिस्तियन खचून निघायला लागतो तेव्हा स्वयंपाकघरातला बालमित्र त्याला अडवतो आणि पाहुण्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या जातात. आता कोणालाच जाता येणार नाही. क्रिस्तियन पुन्हा उठतो, पुन्हा पेला वाजतो. या चित्रपटात सत्य एकदा सांगून भागत नाही. ते अनेकदा सांगावं लागतं आणि दर वेळी जेवणाचा रिवाज ते गिळून टाकतो. शेवटी मेलेल्या बहिणीचं पत्र वाचलं जातं तेव्हाच गिळणं थांबतं.

तुमच्या पटकथेत पहिली दुरुस्ती इथे करा. तुम्ही लिहिलंय की मुलगी सत्य सांगते आणि 'एकच गोंधळ उडतो'. गोंधळ उडाला की कथा संपली. गोंधळ उडू देऊ नका. तिचं बोलणं संपल्यावर आचारी विचारू दे, 'जिलबी आणू का?'

कामाला बसताना संवाद लिहायच्या आधी एका कागदावर फक्त कार्यक्रम लिहा, वेळेसकट. सकाळी पुण्याहवाचन, मग साठ दिव्यांचं औक्षण, फोटो, पंगत, दुपारचा चहा, पाहुण्यांची निघायची घाई. मग प्रत्येक टप्प्यापुढे लिहा: इथे कोणाला बोलायचा हक्क आहे आणि कोणाला उठून जाता येत नाही. डेन्मार्कमध्ये पेला आणि किल्ल्या यांनी जे साधलं ते तुमच्याकडे पंगत साधते. सगळ्यांचं होईपर्यंत पंगतीतून उठायचं नसतं. आणि 'नाव घे, नाव घे' असा आग्रह सुरू झाला की त्या बाईला बोलावंच लागतं आणि बाकीच्यांना ऐकावंच लागतं. पेल्यावरच्या टकटकीचं काम आपल्याकडे उखाणा करतो. तो वापरायचा की नाही हे तुमच्या पात्रावर ठरेल, पण असा एक क्षण शोधा. निवेदकाने हातात दिलेला माइक हा सोपा पर्याय आहे. त्याने घरगुतीपण मात्र थोडं उणावतं.

कलाकारांना उत्स्फूर्त बोलू द्यावं का? 'फेस्टेन' बघून असं वाटतं खरं, पण तो बारकाईने लिहिलेला चित्रपट आहे. हौशी नट संहितेशिवाय सोडले की दोन गोष्टी घडतात: सगळे एकदम बोलतात, आणि जो तो आपल्या पात्राची बाजू समजावून सांगतो. मुख्य भाषण शब्दशः लिहा, दीड ते दोन मिनिटांचं, पाठ करून घ्या. भोवतालच्या माणसांना मात्र संवादाऐवजी कामं द्या. एकाला वाढायचंय, एकीला लेकराला भरवायचंय, एकाला गोळी घ्यायचीय. रडणं लिहू नका. बोलणारी रडली की प्रेक्षकाचं रडणं तिनेच उरकून टाकलं. तिला हसतमुखानेच बोलायला सांगा आणि जिथे आवाज आपोआप अडकेल तिथे थांबायची मुभा द्या.

सरावात मुख्य भाषण पूर्ण ऐकवू नका. बाकीच्यांना एवढंच ठाऊक असू दे की ती काहीतरी बोलणार आहे. मात्र विषय लैंगिक अत्याचाराचा असेल तर सर्वांना तो आधी स्पष्ट सांगा आणि संमती घ्या. खोलीत लहान मूल असेल तर त्या संवादाच्या वेळी ते बाहेर. नटाला दचकवण्यासाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.

चित्रणाचं गणित असं. पंगतीचा प्रसंग समजा बारा मिनिटांचा आहे. तो तुकड्यांत न घेता पूर्ण खेळा, तीन-चार वेळा. पहिल्या वेळी फोन बोलणारीबरोबर. दुसऱ्या वेळी वडिलांवर, तेही ती बोलत नसताना. तिसऱ्या वेळी अशा माणसावर ज्याला काहीच ठाऊक नाही, समजा नवा जावई. चौथी खेप हातांची: ताटं, वाढणं, थांबलेला घास. संकलनात तिसरी खेप सर्वांत उपयोगी पडते, कारण प्रेक्षकही त्या जावयाच्याच जागी असतो. अन्न चार वेळा वाढावं लागेल हे धरून वरण-भात आणि जिलबी चौपट सांगा. अर्धी जिलबी दुसऱ्या शॉटमध्ये अख्खी झाली की खरेपणाचं सगळं मुसळ केरात.

फोनमध्ये मुळातलं सेकंदाला 30 फ्रेमचं सेटिंग बदलून 25 ठेवा आणि शटर 1/50. आपली वीज 50 हर्ट्झची आहे; ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली 30 फ्रेमवर पट्टे सरकताना दिसतात आणि ते नंतर काढता येत नाहीत. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करा, नाहीतर कोणी लाल शालू नेसून समोरून गेली की सगळ्यांचे चेहरे हिरवट होतील. फोनचं मुख्य भिंग रुंद कोनाचं असतं. अर्ध्या मीटरवरून चेहरा घेतला तर नाक मोठं आणि कान मागे जातात, त्यामुळे दीड-दोन मीटर मागे सरकून दुप्पट भिंग वापरा. आणि कॅमेरा मुद्दाम हलवू नका, हे कळकळीने सांगतो. डॉड मँटल यांचा कॅमेरा हलतो कारण तो कोणाला तरी शोधत असतो, उशिरा पोचतो, चुकीच्या माणसावर जातो आणि परत येतो. फोन धरणाऱ्याला 'हलव' म्हणू नका. 'तू या घरातला लांबचा पुतण्या आहेस, तुला नीट ऐकू येत नाहीये,' असं सांगा. हालचाल आपोआप बरोबर येईल.

बहुतेक लघुपट आवाजात बुडतात. पंगतीत सगळ्यात मोठा शत्रू स्टीलचं ताट. वाटी टेकल्याचा आवाज नेमका महत्त्वाच्या शब्दावर येतो. केळीची पानं किंवा पत्रावळी घ्या, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, शिवाय साठीशांतीला शोभूनही दिसतं. बोलणारीच्या पदराच्या घडीत एक लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक), वडिलांच्या उपरण्यात दुसरा, आणि पंगतीच्या मध्यावर वरून एक बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक. लेपलची वायर रेशमावर घासली तर खरखर येते, म्हणून माइकच्या खाली-वर वैद्यकीय चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून कापड पक्कं करा. पंखा एकतर सगळ्या खेपांत चालू, नाहीतर सगळ्या खेपांत बंद. मध्येच बदललात तर प्रत्येक कटला आवाजाला पायरी पडेल. प्रसंग संपल्यावर सगळ्यांना जागेवर गप्प बसवून साठ सेकंद नुसत्या खोलीचा आवाज घ्या.

आवाज आणि चित्र वेगळे करायचे नाहीत, या डॉग्मेच्या नियमाचा फायदा इथे कळतो. वरून संगीत घालायचं नाही म्हटलं की संगीत प्रसंगातच शोधावं लागतं. 'फेस्टेन'मध्ये पाहुणे एका कृष्णवर्णीय पाहुण्यासमोर वंशद्वेषी गाणं एका सुरात गातात. तो क्षण कुठल्याही पार्श्वसंगीताने इतका अंगावर आला नसता. तुमच्याकडे सनईची ध्वनिफीत आहे. सत्य सांगून झाल्यावर ती कोणी बंद करायला उठत नाही, एवढं पुरे.

संकलनाबद्दल एकच सांगतो. 'फेस्टेन'चं संकलन आइसलँडच्या वाल्दिस ओस्कार्सदोत्तिर यांचं. त्या हालचाल पूर्ण होण्याची वाट बघत नाहीत, पण चेहरा वाचून होईपर्यंत थांबतात. होतकरू संकलक नेमकं उलट करतात: दार उघडणं, बसणं, पाणी पिणं सगळं ठेवतात आणि ऐकणाऱ्याचा चेहरा एका सेकंदात कापतात. कच्च्या जोडणीत मुख्य भाषणाचा किमान निम्मा वेळ ऐकणाऱ्यांवर आहे का, ते घड्याळ लावून मोजा.

आता पाहण्याचा क्रम. 'फेस्टेन'नंतर थेट 'द हंट' (2012) पाहा. रुंद चौकट, सुंदर प्रकाश, पार्श्वसंगीतही आहे. म्हणजे डॉग्मेचे नियम बाजूला ठेवलेले, तरी खरेपणा तसूभर उणा नाही. बालवाडीतल्या शिक्षकावर खोटा आरोप येतो आणि गाव त्याला वाळीत टाकतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये तो सगळ्यांमध्ये येऊन बसतो, मुलं गातात, आणि तो मागे वळून मित्राकडे बघतो. पुन्हा तेच: रिवाज, गप्प बसायची सक्ती, आणि एक चेहरा. मॅड्स मिकेलसन यांना कानचं उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक याच भूमिकेसाठी मिळालं. 'फेस्टेन'मध्ये सत्य सांगणाऱ्यावर विश्वास बसत नाही, इथे असत्यावर बसतो. दोन्ही लागोपाठ पाहिले की समूह कसा वागतो ते लख्ख दिसतं.

मग 'द कम्यून' (2016). व्हिंटरबर्ग स्वतः अशा सामूहिक घरात वाढले. इथला विधी म्हणजे टेबलाभोवतीची बैठक आणि हात वर करून मतदान. ट्रीने दूरहोल्म यांचा चेहरा बघा; 'फेस्टेन'मधली नोकराणी पिया त्यांचीच. 'सबमरीनो' (2010) फार काळोखा आहे, मन थाऱ्यावर असताना पाहा. 'इट्स ऑल अबाउट लव्ह' (2003) मुद्दाम पाहा, कारण तो फसलाय असं माझं मत आहे. त्यातलं भविष्यातलं जग कोणालाच ओळखीचं नाही, सगळं समजावून सांगावं लागतं, आणि भावनेला उभं राहायला जमीनच मिळत नाही.

शेवटी 'अनदर राउंड' (2020). चार शिक्षक रक्तातलं मद्याचं प्रमाण ठरवून वाढवत नेतात. त्यांच्यातल्या एकाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या जेवणात मार्टिन नावाचा शिक्षक आधी पाणीच पितो, मग एक घोट, मग दुसरा, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. नटांनी सरावात खरी दारू पिऊन स्वतःचं चित्रण करून ठेवलं होतं आणि त्यावरून अभ्यास केला. प्रत्यक्ष चित्रणात दारू नव्हती. प्यालेला माणूस झोकांड्या देण्यापेक्षा सरळ चालायचा प्रयत्न जास्त करतो, हे त्यातून आलं. तुमच्या कथेतल्या काकांसाठी हे थेट उपयोगी आहे. चित्रण सुरू होऊन चार दिवस झाले असताना व्हिंटरबर्ग यांची मुलगी अपघातात गेली, आणि चित्रपट तिला अर्पण केलेला आहे. शेवटचा नाच पाहताना हे मनात असू द्या. आनंद आणि शोक एकाच शरीरात कसे राहतात, ते तिथे दिसतं.

एक राहिलंच. तुमच्या आराखड्यात लघुपट मुलगी घर सोडते तिथे संपतो. 'फेस्टेन' दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीवर संपतो. वडील येतात, मुलांसमोर आपला अपराध कबूल करतात, आणि धाकटा मुलगा त्यांना सांगतो की आता तुम्ही गेलात तर आम्हाला न्याहारी करता येईल. आवाज न चढवता. दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा एक तास यासाठी राखून ठेवा, सहा ते सात. तोरण सुकलेलं असेल, अंगणात मांडवाच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या असतील, साठ दिव्यांचं ताट तेल थिजून कोपऱ्यात पडलेलं असेल. ते कोणालाही आवरू देऊ नका, आणि कोणीतरी चहा गाळतंय एवढंच आधी घ्या. वडिलांसाठी कप मांडला जातो का, ते तिथे ठरवा.